नाव डेल्फीनचं, चेहरा उर्सुलाचा

मी एक जुनं टपाल तिकीट आहे, मित्रांनो, आणि मी वैतागलेलं आहे. माझ्यावर नाव डेल्फीनचं आहे आणि चेहरा तिच्या धाकट्या बहिणीचा, उर्सुलाचा. छापणाऱ्यांनी कुठून तरी जुना फोटो उचलला, मागे लिहिलेल्या नावावर विश्वास ठेवला आणि मला यंत्रात ढकललं. कॅनडातल्या मॅनिटूलिन बेटावर, तिच्या घरी एक फोन करावा, एवढंही कुणाला सुचलं नाही!

डेल्फीन म्हणजे बेटावरच्या ओडावा आदिवासी लोकांचा अभिमान. भूर्जाच्या सालीच्या डब्यांवर ती साळिंदराचे रंगवलेले काटे असे बसवायची, की फूल खरं वाटावं. ती वारल्यावर सरकारला तिची आठवण झाली. बेटावरच्या सभागृहात माझ्या मोठ्या चित्रावरचा, हातात डबी धरलेल्या उर्सुलावरचा, पडदा काढला, टपाल खात्याच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि लोक वळून खऱ्या उर्सुलाकडे बघायला लागले. मग म्हातारा इसाडोर म्हणाला, "उर्सुला, तुला सुई कधीपासून धरता यायला लागली गं?" सगळं सभागृह हसलं. उर्सुला मात्र तरातरा साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, लाखो तिकिटं छापून झाली आहेत, आता काही करता येणार नाही. शिवाय बहिणी बहिणी सारख्याच दिसतात.

मग माझी गावोगाव रवानगी झाली. लोक म्हणायचे, काय शांत, सोशिक चेहरा आहे! उर्सुला आणि सोशिक? माझा नुसता जळफळाट व्हायचा.

टोरांटोत नोरीनने मला विकत घेतलं. नोरीन डेल्फीनची लेक. तान्ही असताना सरकारी माणसांनी तिला उचलून परक्या घरी दिलं होतं; तेव्हा आदिवासी मुलांना असंच नेत. आईचं नाव तिला कागदांवरून कळलं होतं, चेहरा ठाऊक नव्हता. तिने मला पत्राला लावलंच नाही, पाकिटात जपून ठेवलं. रोज मला बघायची आणि आरशात स्वतःचं नाक बघायची. अगं बाई, ही ती नव्हे, असं मला ओरडावंसं वाटायचं. पण तिकिटाला कुठलं आलंय तोंड?

शेवटी ती बेटावर आली. आईच्या घराचं दार उर्सुलाने उघडलं आणि माझ्यावरचाच चेहरा जिवंत समोर बघून नोरीनने चौकट घट्ट धरली.

"आई?"

उर्सुलाला सगळं उमगलं. तिने नोरीनला आत घेतलं, खुर्चीत बसवलं.

"आई नाही गं पोरी. मी मावशी. त्या मेल्यांनी घोळ घातलाय."

नोरीनने मला तिच्यापुढे धरलं. "मग आईचा फोटो दाखव ना, मावशी."

"एकही नाही. कॅमेरा दिसला की पळायची ती. हा फोटो काढतानासुद्धा तिने आपली डबी माझ्या हातात कोंबली आणि बाजूला झाली." उर्सुलाने माझ्या कडेला नख टेकवलं. "हे कोपर दिसतंय? हे तिचं."

मित्रांनो, कुणाचा मान करायचा असेल, तर आधी त्याच्या घरी जा. चहा घ्या, चार माणसांना विचारा. तेवढं झालं नाही, तर तो मान काय कामाचा?

नोरीन अजून मला जपते. पण चेहऱ्याकडे बघत नाही. माझ्या कडेच्या त्या कोपरावर बोट ठेवून बसते. आईचं तिला तेवढंच मिळालं.