खंडेनवमीचा कॉम्प्युटर

मी चिडकी आहे, मान्य. पण राखोलीच्या आमच्या सूत रंगवायच्या कारखान्यात चौऱ्याण्णव साली कॉम्प्युटर माझ्या ताब्यात होता, आणि माझा नियम एकच: बाहेरची फ्लॉपी आत नाही. दर शनिवारी सगळ्याची कॉपी काढायची आणि ती कपाटात, कुलपात. ऑफिसात मला 'सोवळ्यातल्या बाई' म्हणायचे. म्हणोत बापडे.

त्या मशीनमध्ये होतं काय? भगवंतमास्टरांचे रंग. धुळ्याकडचे हे आमचे रंगमास्टर दिवाळीला निवृत्त होणार होते. कुठल्या छटेला कुठला रंग किती घालायचा, हे सगळं त्यांच्या डोक्यात. ते सांगायचे, मी टाइप करायचे. ते गेल्यावर कारखाना त्या फाइलींच्याच जिवावर चालायचा होता.

खंडेनवमीला सगळी यंत्रं धुऊनपुसून बंद. मी कॉम्प्युटरला हळद-कुंकू लांबूनच वाहिलं, पाणी काही शिंपडू दिलं नाही, आणि प्रसाद वाटायला खाली गेले. पण आमच्याकडे रीत अशी, की नारळ फुटला की प्रत्येक यंत्र एकदा चालवायचंच. नाहीतर ते वर्षभर रुसतं म्हणे. मास्टरांनी भक्तिभावाने कॉम्प्युटरही सुरू केला. नुसता सुरू करून त्यांचं समाधान होईना, पडद्यावर काहीतरी हलायला हवं. सुपरवायझर विशालच्या खिशात गाड्यांच्या शर्यतीची फ्लॉपी होती. घातली.

मी वर आले तर पडदा लाल. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं: तुमच्या फाइलींना कुलूप लावलं आहे, परदेशातल्या अमुक पत्त्यावर पैसे पाठवा, मग किल्ली मिळेल.

"अगं बाई! काय करून ठेवलंत हे?" मी ओरडले.

"पूजा केली, अलकाबेन," मास्टर म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"चुलतभावाने मुंबईहून आणलेली, मॅडम. चांगली आहे," विशाल म्हणाला. त्यावर मी त्याला जे बोलले, ते इथे सांगत नाही.

मॅनेजर रमाकांतसाहेब धावत आले. "पाठवून टाकू पैसे. दिवाळीनंतर मास्टर नाहीत, आता फाइलीही नाहीत. धंदा कसा करायचा?"

"चोराला दक्षिणा द्यायची, साहेब? आणि किल्ली आलीच नाही तर? कॉपी आहे माझ्याकडे."

मी मशीनमधलं सगळं पुसून ते कोरं केलं आणि कपाटातल्या फ्लॉपी एकेक करून चढवल्या. मास्टर शेजारीच बसले होते. ओळखीच्या छटेचं नाव दिसलं की मान हलवायचे, मग माझाही जीव भांड्यात पडायचा. सगळ्या आल्या. शनिवारनंतर टाइप केलेली एक जांभळी तेवढी नव्हती.

"ती सांगा बघू. आत्ताच टाइप करते," मी म्हटलं.

मास्टर कपाटातली एक फ्लॉपी हातात फिरवत बसले.

"आठवत नाही का?"

"आठवते ना. चांगली आठवते." ते पडद्याकडे बघत राहिले. "पन राहू द्या, बेन. इतक्या वर्षांच्या सगळ्या दिल्या. एक माझ्याजवळ राहू द्या."

मला एकदम रडूच आलं. इतके दिवस मी त्यांना "पुढचा सांगा, पुढचा सांगा" म्हणत होते. त्यांना काय वाटत असेल, हे एकदाही विचारलं नव्हतं.

साहेबांनी दारातून विचारलं, "आल्या का सगळ्या?"

"आल्या," मी म्हणाले, आणि मशीन बंद केलं.