प्रार्थनाघराचा टोप

मित्रांनो, मी तांब्याचा एक जुना टोप आहे. मालवणात सुशीलाकाकीच्या पडवीत पालथा पडलेला असतो. माझी गोष्ट मुलांना सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला अजून खात्री वाटत नाही. तरी सांगतो.

तांबटाने मला ठोकून घडवलं, आतून कल्हई केली. मला विकत घेतलं ते इथल्या ज्यू मंडळींनी. त्यांची चार-पाचच घरं होती. एका भाड्याच्या खोलीत ती प्रार्थना करत, आणि सणाला तिथेच पंगत बसे. माझ्यात कोंबडी किंवा मटण शिजे. मांसाला दुधाचा थेंब लागू द्यायचा नाही, म्हणून दूध, दही, तूप मला वर्ज्य. रस्सा नारळाच्या रसातला. मासा हवा तर खवल्यांचा आणि परांचा. कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या माझ्या जवळ येत नसत. मालवणात राहून कुर्ली न खाणारी माणसं! शेजारी चिडवायचे. पण त्या नियमांमुळे पंगतीतला प्रत्येक जण निःशंक मनाने घास घेई, आणि मला त्याचा अभिमान वाटे.

मग एकेक घर मुंबईला, इस्रायलला गेलं. शेवटच्या मलकाबाई. त्याही मुलीकडे ठाण्याला निघाल्या, तेव्हा मला शेजारच्या सुशीलाकाकीच्या हाती देऊन म्हणाल्या, "सुशीले, ह्यात आमचा सोडून दुसरा काय शिजवू नको गो."

"माज्या डोळ्यांसारखो सांभाळतंय, वयनी."

काही वर्षं तिने खरंच सांभाळलं. पुढे तिच्या मुलाने, दीपेशने, पर्यटकांसाठी खानावळ काढली. एका मोसमात भांडी कमी पडली. सुशीलाकाकी मला बराच वेळ हातात धरून उभी होती. मग तिने मला चुलीवर ठेवलं. त्या दिवशी माझ्यात कोळंबी शिजली. नंतर नेहमीच शिजू लागली. नियम काय होता, हे दीपेशला कोणी सांगितलंच नाही.

यंदा मलकाबाई आल्या. त्यांच्या यजमानांची कबर इथेच आहे. त्यांच्या आठवणीत शेवटचं एकदा सगळ्यांनी मिळून जेवावं, अशी त्यांची इच्छा होती. सोबत नातलग होते आणि त्यांच्या रीतीने कापलेली कोंबडी बर्फात घालून आणली होती.

मला पाहून त्यांनी विचारलं, "दुसऱ्या कशाक वापरलंस नाय मा गो?"

मी जीव मुठीत धरून ऐकत होतो. सुशीलाकाकीने चिंचेने घासून मला लखलखीत केलं होतं.

"नाय ओ वयनी. होतो तसोच आसा."

कोंबडी शिजली. पंगत बसली. दोन घास झाले असतील, तोच दीपेश मोटारसायकलवरून आला. "मलकाकाकी, टोप कसो चकचकीत ठेवलो बघा! ह्यातली कोळंबी खावक मुंबयची माणसा गाडये करून येतत!"

हात थांबले. एका म्हाताऱ्याने तोंडातला घास हळूच ओंजळीत काढला. मलकाबाईंनी पान दूर सारलं.

"सुशीले," त्या म्हणाल्या, "तांब्याचो टोप उकळत्या पाण्यान शुद्ध होता. एक दीस थांबलो असतो आमी. माका फकत सांगाक व्हया होता."

सुशीलाकाकी पदराने तोंड झाकून रडली. मलकाबाईंनी तिला जवळ घेतलं नाही. जेवण तसंच टाकून सगळे संध्याकाळच्या गाडीने परतले. त्या आता येणार नाहीत. तब्येत तशी नाहीच.

दुसऱ्या दिवशी सुशीलाकाकीने माझ्यात काठोकाठ पाणी उकळलं. मी शुद्ध झालो, असं म्हणतात. तेव्हापासून माझ्यात काहीच शिजलेलं नाही.

मित्रांनो, कोणी वस्तू विश्वासाने सोपवली, तर ती जपा. हातून चुकलंच, तर सांगा. रागावतील, बोलतील, बोलू द्या. पण पानं वाढायच्या आधी सांगा.