सगळं हिरवं दाखवणारा टीव्ही

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे आणि एका संस्थेची प्रगती माझ्याइतक्या जवळून कुणीच अनुभवलेली नाही. म्हणजे ती झाली की नाही, ते मला माहीत नाही. मी ती दाखवली. सिनेमा मात्र आयुष्यात एकही दाखवला नाही.

कारखान्यातून आम्ही भावंडं एकाच ट्रकमधून निघालो. बाकीचे लोकांच्या बैठकीच्या खोल्यांत गेले. त्यांना मालिका मिळाल्या, सामने मिळाले, काचेवर लहान मुलांची चिकट बोटं मिळाली. मी आलो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार कक्षात. मोठ्या साहेबांनी फीत कापली आणि मला ‘माहिती व्यवस्थापन प्रणाली’ असं भारदस्त नाव दिलं. लोक टीव्हीच म्हणत राहिले.

काम सोपं होतं. शहरात कुठे लिफ्ट बंद पडली की माझ्यावर लाल ओळ उमटायची, दुरुस्त झाली की ती हिरवी व्हायची. फोनवर बसणाऱ्या ताई तक्रार टाईप करायच्या, पण त्याआधी सवयीने ओरडायच्याच, “अहो काका, दवाखान्याची लिफ्ट अडकलीय, आत डॉक्टरच आहेत!” मिस्त्रीकाका चहा अर्धा टाकून पळायचे. तेव्हा माझं कौतुक फार. पाहुणे आले की साहेब त्यांना खुर्ची देण्याआधी माझ्यासमोर उभं करायचे.

पण लाल ओळी काही हटेनात. लिफ्ट जुन्या, मिस्त्री थोडे. साहेबांनी यावर खूप विचार केला आणि प्रशिक्षण ठेवलं.

शिकवायला टाय लावलेले एक गुरुजी आले. त्यांनी सगळ्यांना गोल उभं करून एकमेकांकडे चेंडू फेकायला लावला. मग माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, “या लाल ओळीत तुम्हाला काय दिसतं?”

“तक्रार,” काका म्हणाले.

“चूक! संधी!”

“मग ती संधी सहाव्या मजल्यावर लटकलीय. सोडवून येऊ का?”

गुरुजी हसले नाहीत. ते म्हणाले, मोठं काम अंगावर येतं, म्हणून त्याचे तुकडे करा. लिफ्ट पाहून आलात, हे एक काम. बिघाड शोधलात, हे दुसरं. लागणारा पार्ट कळवलात, हे तिसरं. जे झालं ते लगेच हिरवं करा, तिन्ही हिरवी झाली की तक्रार पूर्ण. सगळ्यांनी हे मन लावून शिकून घेतलं. पाहता पाहता मी हिरवागार झालो. एका बंद लिफ्टच्या तीन-तीन ओळी हिरव्या. सुधारणा डोळ्यांत भरण्यासारखी होती आणि साहेबांना वरून शाबासकीही आली.

एक बारीकशी गोष्ट तेवढी राहून गेली. स्टोअरवाला पार्ट मागवायचा तो लाल ओळ पाहून. लालच दिसेना म्हटल्यावर तो निवांत बसला. त्याचं तरी काय चुकलं?

ताई आपल्या आईबरोबर एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहायच्या. आईचे गुडघे कधीच गेलेले, त्यात एका डोळ्याने दिसेनासं झालेलं. ऑपरेशनची तारीख मोठ्या मिनतवारीने मिळाली होती. ती हुकली तर पुढची कधी, हे दवाखानाही सांगेना. आणि नेमकी त्यांच्याच इमारतीची लिफ्ट बंद पडली. काका पाहून आले, त्यांनी बिघाड शोधला, पार्ट कळवला. तिन्ही ओळी हिरव्या. ताई रोज माझ्यासमोर उभ्या राहून आपल्याच इमारतीचं नाव वाचायच्या. मला डोळे मिटता येत नाहीत, नाहीतर मिटले असते.

त्यांनी नवी तक्रार टाकून पाहिली. मीच त्यांना दाखवलं, ‘या लिफ्टचं काम पूर्ण झालं आहे.’ शेवटी त्या साहेबांकडे गेल्या.

“साहेब, ती ओळ परत लाल करा ना. पार्ट तरी येईल.”

“ताई, अहवाल वर गेलाय. आता लाल केलं तर आपली कामगिरी खाली येईल.”

“आणि माझी आई खाली येत नाही, त्याचं काय?”

“असं भावनेच्या भरात आकडे बदलता येतात का? तुम्ही तर प्रशिक्षणात पहिल्या आला होतात!”

ऑपरेशनचा दिवस उजाडला. काकांनी आणखी तीन मिस्त्री गोळा केले, माझ्याखाली भिंतीशी ठेवलेली मजबूत लाकडी खुर्ची उचलली आणि सगळे ताईंच्या घरी गेले. पुढचं मला त्यांनीच परत आल्यावर, दंड चोळत सांगितलं.

आई खुर्चीत बसल्या आणि काकांची कॉलर घट्ट धरून म्हणाल्या, “नीट धरा रे, मी काही पोतं नाही.” दुसऱ्या मजल्यावर सगळे दम खायला थांबले, तेव्हा त्यांनी विचारलं, “लिफ्टवाले ना तुम्ही? एवढे जण आलात, एकालाही ती दुरुस्त करता येत नाही?”

“येते की, आजी,” काका धापा टाकत म्हणाले, “पण ती दुरुस्त झालेली आहे.”

ऑपरेशन वेळेवर झालं, छान झालं. कुणीतरी जिन्यातला फोटो काढला होता. साहेबांनी तो माझ्यावर लावला, खाली ‘संघभावना’ असं लिहिलं आणि त्याचीही एक हिरवी ओळ केली.

मित्रांनो, आता मी थकलोय. तो हिरवा रंग माझ्या काचेत इतका मुरलाय की बंद केलं तरी हिरवट झाक उरते. माझ्या कडांवर धूळ बसलीय. ताई माझ्याकडे पाठ करून बसतात. माझ्या जागी मोठा टीव्ही येणार म्हणतात. येवो बापडा. माझं मागणं एवढंच, की त्याच्यावर अधूनमधून कोरडं फडकं फिरवा आणि तो सगळं ठीक आहे म्हणाला, की एकदा स्वतः जिना चढून बघून या.

ताईंच्या आईला आता दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसतं. खुर्ची वर नेणं मात्र कुणाला जमलं नाही, त्यामुळे त्या तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे राहतात.