बहात्तर तासांचा शब्द

आमच्या तांड्याचे नायक धरमसिंग यांनी हात वर केला की बोलणारा मधेच थांबतो, मग तो आमदाराचा माणूस असो नाहीतर शाळेचा मास्तर. मास्तर म्हणजे मी, रामकिसन. गाव इंझोरी, चौदा वर्षांपासून याच तांड्यावर. चौदा वर्षं मीही थांबत आलो.

नायकाची न्याय करायची रीत साधी. भांडणाऱ्या दोघांना आपल्या दारासमोर लिंबाखालच्या ओट्यावर समोरासमोर बसवायचं, सेवालाल महाराजांचं नाव घेऊन दोघांचा शब्द घ्यायचा आणि एकाच लोट्यातलं पाणी दोघांना पाजायचं. देवला आणि रूपला हे सख्खे भाऊ, पण विहिरीवरून कुऱ्हाडी निघाल्या होत्या. त्या पाण्याला अकरा वर्षं झाली, आज एकाच मोटारीवर दोघांचं ओलित चालतं. आणि कोणी शब्द मोडलाच, तर ज्याचं नुकसान झालं त्याच्या दारात शब्द घेणाऱ्यानं जायचं. स्वतः नायकानं पागोटं उतरवून त्याच्या उंबऱ्यावर ठेवायचं. धरमसिंगांवर ती वेळ कधी आली नव्हती आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता.

त्यांचा मुलगा बादल सुदानात, खार्टूमच्या एका टाइल्सच्या कारखान्यात वेल्डर होता. पोहरादेवीच्या यात्रेला येतो म्हणाला होता, पण रजा मिळाली नाही. यात्रा संपून पंधरा दिवस झाले आणि तिकडे लढाई पेटली. देश एक, फौजा दोन, सेनापती दोन, आणि दोघांच्या मधे आमचा बादल. सात जण एका खोलीत अडकले. वीज नाही, फोन बंद. दिवसातून एकदा कोणाच्या तरी मोबाइलवरून तो दोन मिनिटं बोलायचा.

त्याची बायको शीला हिनं तिथल्या भारतीय वकिलातीकडे त्याचं नाव नोंदवलं होतं. तिकडचे निरोप तिच्या मोबाइलवर इंग्रजीत यायचे आणि ते वाचायला ती मला बोलवायची. सासऱ्यापुढे ती कधी बोलली नव्हती. घुंगट ओढून भिंतीला लागून उभी राहायची, काही सांगायचं असलं तर सासूच्या, ललिताबाईच्या कानात सांगायची.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी ओट्यावर गेलो. नवा निरोप आला होता. मी वाचून सांगितलं, "अमेरिका आणि सौदी मध्ये पडलेत. दोन्ही फौजा बहात्तर तास लढाई थांबवायला कबूल झाल्या आहेत..."

नायकानं हात वर केला. "बस, मास्तर."

मी थांबलो. निरोप अजून बाकी होता.

"दोघायनंबी शबद देल्ला?"

"हो."

"एवढ्या मोठ्या पंचापुढं?"

"हो."

"मंग आता कोन हात उचलते!" आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर तजेला दिसला. ललिताबाईला तर रडूच कोसळलं. खरं सांगतो, मलाही बरं वाटलं. त्या तीन माणसांचं बरं वाटणं मला मोडायचं नव्हतं.

तेवढ्यात फोन आला. बादलच होता.

"बा, पानी सपलं. टाकीतलं गंजाचं पेत होतो, आता तेबी नाई. चार जन पुलापलीकडे पायी निघून राह्यले. तिथून बस भेटते म्हन्तात. मी जाऊ का थांबू?"

शीला सासूच्या कानाशी लागली. ललिताबाई हळूच म्हणाली, "मास्तर, ते पुढचं वाचा म्हन्ते."

मी नायकाकडे पाहिलं. त्यांचा हात पुन्हा वर झाला होता. मी पुढचं वाचलं नाही.

"निघ," नायक मोबाइलमध्ये म्हणाले. "बहात्तर घंटे हायेत. महाराजाचं नाव घे अन् निघ."

"तुमी म्हन्ता त निघतो, बा."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या सोबतच्या एका बिहारी माणसाचा फोन आला. पुलाच्या तोंडाशीच गोळीबार झाला. बादल आणि आणखी एक. तिथल्याच एका मैदानात पुरले. टीव्हीवर सांगत होते, युद्धबंदी बहुतांशी टिकून आहे. ही फौज म्हणाली गोळी त्यांची, ती म्हणाली यांची.

 चौथ्या दिवशी नायकानं मला बोलावलं. "मास्तर, त्या मोठ्या पंचाले लिहा. शबद तुमी घेतला व्हता. मोडनाराचं नाव मी इचारत नाई. तुमी या. माह्या उंबऱ्यावर पागोटं ठेवा. मले दुसरं काई नोको."

मी लिहिलं, इंग्रजीतही लिहिलं, आणि अमेरिका व सौदीच्या दिल्लीतल्या वकिलातींच्या पत्त्यावर टाकलं. कोणी येणार नाही हे मला लिहितानाच माहीत होतं. ते मात्र रोज सकाळी ओटा झाडून बसायचे आणि रस्त्याकडे पाहायचे. त्या खोलीतून न निघालेले दोघे आठ दिवसांनी बसनं बंदरावर आणि तिथून बोटीनं सुखरूप सुटले. हे मला कळलं, पण मी नायकाला सांगितलं नाही.

कोणाचं उत्तर आलं नाही. सोयाबीन घरात येऊन पडलं. एक दिवस संध्याकाळी मी ओट्यावर टेकलो तेव्हा त्यांनी विचारलं, "मास्तर, तवा त्या निरोपात पुढं काय लिहेल होतं?"

"आठवत नाही, नायक," मी म्हणालो. मला शब्द न् शब्द आठवत होता.

"मले आठोते."

शीला दारात उभी होती. डोक्यावर पदर होता, पण तोंड उघडं होतं. तांड्यावरच्या, कॉलेजात जाणाऱ्या वैभवीकडून तिनं तो निरोप मराठीत उतरवून घेतला होता, हे मला मागाहून कळलं. शाळेतल्या पोरी कविता म्हणतात तशी ती एका सुरात म्हणायला लागली. "ही युद्धबंदी पाळली जाईलच याची खात्री नाही. पुढची सूचना मिळेपर्यंत आहात तिथंच थांबा. पायी निघू नका."

नायकाचा हात वर झाला.

शीला थांबली नाही. "बस तुमच्यापर्यंत येईल," तिनं पुरं केलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "ही युद्धबंदी पाळली जाईलच याची खात्री नाही..."

तो हात कितीतरी वेळ तसाच राहिला. मग डोक्याकडे गेला. धरमसिंगांनी पागोटं उतरवलं, उठून आपल्याच घराच्या उंबऱ्यावर तिच्या पायांपाशी ठेवलं आणि वाकूनच उभे राहिले. शीलानं पागोट्याकडे पाहिलंही नाही. ते ओलांडून ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि वाट पाहू लागली.

माझ्या डोक्यावर उतरवायला काहीच नव्हतं.