आयत्या वेळचे विषय

नवरा फौजेत असला की बायको कशालाच भीत नाही, असा आमच्या भागात एक समज आहे. त्या समजापायी वरच्या आळीनं मला नगरपंचायतीच्या सभेत बोलायला उभं केलं. खरं सांगायचं तर आख्ख्या आळीत माझ्याइतकी भित्री बाई नाही. पाल दिसली तरी मी पलंगावर चढते. पण आमचे मालक जम्मूकडं, घरात मी आणि माझी पाचवीतली क्रांती. भ्यायला होतंय हे सांगायचं कुणाला?

आणि भ्यायला कारण होतं. आमचं गाव पाटणकडच्या डोंगराच्या पायथ्याला. खालच्या पेठेत रोज घंटागाडी फिरते, खांबाखांबावर पांढरेशुभ्र दिवे आहेत. वरच्या आळीला चढ आहे आणि गाडी म्हणे चढत नाही. मतं मागायला आलेल्या गाड्या कशा चढल्या ते विचारू नये. मग सगळी आळी कचरा वळणावर टाकते. कचऱ्याला कुत्री येतात, क्रांतीचा लाडका तांबू त्यातलाच, आणि कुत्र्यांना न्यायला वाघरू येतं. बिबट्या हा पेपरातला शब्द. आम्ही वाघरूच म्हणतो, आणि दिवस मावळल्यावर तेही म्हणत नाही. वळणावरच्या खांबाला दिवा कधी लागलाच नाही. म्हणून शिकवणी सुटली की क्रांती चढाखाली सिकंदरभाईंच्या पंक्चरच्या दुकानात बसते. मी काठी आणि बॅटरी घेऊन उतरते आणि तिचा हात धरून वर आणते. वळण जवळ आलं की दोघी मोठमोठ्यानं पाढे म्हणतो.

सभेच्या दिवशी हे काम शेजारच्या शालूबाईंवर सोपवलं होतं. निदान मी तसं समजत होते.

सभा दुपारची होती, म्हणजे नगराध्यक्ष उदयसिंह जेवून, झोपून आल्यावर ती सुरू झाली. आमचा विषय सगळ्यात शेवटी, ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून. त्याआधी पेठेतल्या बागेच्या कारंज्यावर चर्चा. त्याचा उजेड निळा असावा की रंगीबेरंगी, यावर नगरसेवक घसा फोडून भांडले. मी भिंतीला टेकून बसले होते. खिडकीतलं ऊन पिवळं होत चाललं होतं. तेवढ्यात मागं कुणीतरी ओळखीचं खोकलं. वळून बघते तर शालूबाई.

“आवं, तुमी हितं?”

“तू बोलनार म्हणल्यावर आले की गं. समदी आळी आलीया बघ.”

“आन् क्रांतीला कोन आननार?”

शालूबाईंचा हात तोंडावर गेला. “मला वाटलं, तू जयराजच्या आईला बी सांगितलंयस.”

जयराजची आई त्यांच्या शेजारीच बसली होती. तिला वाटलं होतं, शालूबाई जाणार.

मी सिकंदरभाईंना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. परत लावला. दुकानात हवा भरायचं मशीन सुरू असलं की त्यांना काही ऐकू येत नाही हे मला माहीत होतं, पण त्या वेळी नको नको तेच डोळ्यांपुढं येत होतं. खिडकीत आता ऊन नव्हतं. सभा गेली खड्ड्यात म्हणून मी उठले आणि नेमका तेव्हाच वरून आवाज आला, “वरच्या आळीचं कोन हाय? बोला लवकर.”

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. आळीतल्या बाया मागून पदर ओढत होत्या, बोल बोल म्हणून. मी बोलले. कचरा, दिवा, वाघरू, कसंबसं, शब्द गिळत. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

उदयसिंह हसतमुख माणूस. “ताई, बिबट्या हा वनखात्याचा विषय. दिव्याचं फुडल्या सभंत बघू. आन् तुमी तर फौजीची मानसं! तुमी भ्यायचं व्हय?” सभेत हशा पिकला.

तेवढ्यात हातातला फोन वाजला. सिकंदरभाईंचा नंबर.

“आई, कुनीच न्हाई आलं गं. अंधार पडला. मी जाऊ का वर?”

माझा जीव भांड्यात पडला, आणि लगोलग संताप आला. एका शब्दाचं काम होतं. थांब. तेवढं म्हणायचं होतं. मी ते म्हटलं नाही. फोनचा आवाज मोठा केला, टेबलापाशी गेले आणि फोन उदयसिंहांपुढं धरला.

“माझी लेक हाय. चढाखाली हुबी ऱ्हाऊन इचारतीया, वर जाऊ का. तुमीच सांगा तिला, सायेब.”

हसणं थांबलं. मला वाटलं, आता सापडला.

उदयसिंह फोनवर वाकले आणि लग्नघरात परक्याच्या पोराचा गालगुच्चा घ्यावा तशा लाडानं म्हणाले, “जा की बाळा. बिनधास्त जा. काय हुत न्हाई.”

“बरं,” क्रांती म्हणाली आणि फोन बंद झाला.

मी पळत सुटले. चपला सभेच्या दारातच राहिल्या. पेठेतले दिवे लागले होते, सुई सांडली तरी सापडावी इतका उजेड होता. त्या उजेडाचा मला इतका राग कधीच आला नव्हता. चढाखाली सिकंदरभाई दुखरा गुडघा ओढत वर निघाले होते.

“थांब म्हणलं तिला, ताई. पर नगराध्यक्ष जा म्हणले म्हणून पळाली बी.”

त्यांच्या हातातली बॅटरी घेतली आणि चढ धरला. देवा, माझ्या पोरीला काही करू नकोस, एवढंच मनात चाललं होतं. वळणावर रोज अंगावर येणारी कुत्री असतात. आज एकही नव्हतं. उजेडात आधी दप्तर दिसलं, रस्त्याच्या मधोमध पडलेलं. त्याच्या पुढं बॅटरी फिरवायचं धाडस मला होईना.

मग हुंदका ऐकू आला. क्रांती खांबाला मिठी मारून उभी होती.

“तांबूला न्हेलं, आई. हितनं. माझ्या म्होरनं.”

तिचे हात खांबापासून सोडवायला मला जोर लावावा लागला. मागून शालूबाई आणि बाकीच्या बाया धापा टाकत आल्या. पोरीला मध्ये घेऊन आम्ही घोळक्यानं वर गेलो. पाढे कुणी म्हटले नाहीत.

घरात आल्यावर मी दाराला कडी घातली, खिडक्या लावल्या आणि कडी पुन्हा जाऊन बघितली. क्रांती जेवली नाही. माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली.

“आई, त्या सायबांना ठाव नव्हतं का, तिथं काय येतं ते?”

“ठाव व्हतं.”

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, झोपली.

“तुला बी ठाव व्हतं की. मग तू त्यांना कशाला इचारलंस?”

मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. खोटं बोलायचं फार मनात आलं.

“मला वाटलं, ते थांब म्हनतील.”