पहिल्या रांगेतलं घर

जावईबापूंचं काम म्हणजे रांगा लावणं. इंटरनेट कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये बसून तो ठरवायचा, तारेतून आधी कोण जाणार. सगळ्यात पुढे फोनवरचं बोलणं, मग व्हिडिओ कॉल, मग टीव्ही आणि शेवटी डाउनलोड. डाउनलोडला कसली आलीय घाई?

त्या दुपारी बायकोची मुलाखत होती, व्हिडिओवर. मागच्या वेळी ती ऐन वाक्यात गोठली होती. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. नोकरी गेली ती गेलीच.

"या वेळी माझा चेहरा अडकला, तर तुझं जेवण अडकेल," तिने सकाळीच बजावलं होतं.

खरं तर तिचा तेवढा कॉल पुढे काढायचा. पण गड्याने घाबरून अख्ख्या घराचीच लाइन पहिल्या रांगेत टाकली.

घरात होते सासरेबुवा. जिन्यात लोकांनी नमस्कार करावा म्हणून त्यांनी वायफायचा पासवर्ड बिल्डिंगभर वाटला होता. नेट सुसाट पळतंय म्हटल्यावर वरच्या मजल्यावरचा फोटोग्राफर आयुष्यभर काढलेल्या लग्नांचे व्हिडिओ पाठवत सुटला. स्वतः सासरेबुवांनी जुन्या कुस्त्या डाउनलोड करायला घेतल्या, एकदम सगळ्या.

मुलाखत सुरू झाली. बायकोचा चेहरा आरशासारखा स्वच्छ. गोठल्या त्या समोरच्या बाई, कप ओठाला लावलेल्या. त्यांचं ऑफिस मागच्याच रस्त्यावर, पण रांग साधी. पुढचे हटतील तेव्हा मागच्यांचा नंबर, आणि पुढे तर कुस्त्या चालल्या होत्या.

तिने बाईंना फोन लावला. लागेना.

तिने लॅपटॉप मिटला आणि चपला घातल्या.

"अगं, मुलाखत?" सासरेबुवा म्हणाले.

"चालत जाते. रस्ता मोकळा आहे."

"पण बाळ, वर कोट आणि खाली..."

खाली बदकांचा पायजमा होता. ती तोवर जिना उतरली होती.

इकडे कंट्रोल रूममध्ये बोर्ड लाल झाला. साहेब मागे येऊन उभे राहिले. "आपल्या भागातले फोन बंद पडलेत. पहिल्या रांगेत कुणी हत्ती घातलाय?"

"बघतो, साहेब."

"बघू नका. काढा. ज्याचा असेल त्याला महिनाभर शेवटच्या रांगेत बसवा."

त्याने निमूटपणे स्वतःच्या घराला शेवटी बसवलं.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायको पाय वर घेऊन सोफ्यावर बसली होती. बदकं दिसत होती.

"काय झालं?"

"त्यांचंच नेट गोठलं. नशीब बघ एकेकाचं. बाकीचे उमेदवार पडद्यावर अडकलेले, मी दारात उभी. कुरिअर कंपनी आहे रे. बाई म्हणाल्या, पोचणारं माणूसच हवं होतं."

"म्हणजे मिळाली? मग मला कळवायचं ना. दुपारपासून जीव टांगणीला लागलाय माझा."

"कळवलं की. घरात शिरताच आपल्या वायफायवरून मेसेज टाकला."

तो जेवायला बसला. हात धुवून झाले, भांडी घासून झाली, तेव्हा कुठे त्याचा फोन वाजला.

'नोकरी मिळाली. येताना गोड आण. आणि बाबांचा पासवर्ड बदल.'