टोपण लावलेली फ्रेम

टेस्टचा रोल धुऊन दोरीला टांगला आणि माझा संशय हेमेंद्रवर गेला.

हेमेंद्र माझा साळा, बायकोचा भाऊ. तरुणपणी तिरोड्याला माझ्या फोटो स्टुडिओत कामाला होता. माझी बायको धुरपता गेल्यापासून तो फोनवर एकच विचारायचा, रोल धुतला का. तो रोल म्हणजे बोदलकसा तलावाच्या पाळीवर मी काढलेले तिचे शेवटचे फोटो.

फिल्म जुनी, स्टुडिओ बंद झाला तेव्हाची. डब्यावर चारशे स्पीड, म्हणजे उजेड टिपायची ताकद, लिहिलेला, पण तो किती उतरला ते कळल्याशिवाय तिचा रोल औषधात टाकायची माझी हिंमत नव्हती. त्याच फिल्मचा एक कोरा रोल होता. त्यावर टेस्ट घेतली. पहिली फ्रेम लेन्सला टोपण लावून. ती धुतल्यावर कोरी निघते. मग भिंतीवर राखाडी पुठ्ठा लावून, उजेड थोडा थोडा वाढवत पुढच्या. कोऱ्या फ्रेमपेक्षा पुठ्ठा जिथे पहिल्यांदा वेगळा दिसेल, तो फिल्मचा खरा स्पीड.

कोऱ्या फ्रेममध्ये धुरपता बसली होती. पुढच्या सगळ्या फ्रेममध्ये तिच्या तोंडावर पुठ्ठा.

म्हणजे टेस्ट मी तिच्याच रोलवर घेतली होती. वापरलेल्या रोलची शेपटी, फिल्मचं बाहेरचं टोक, मी डबीत ओढून घेतो, कोऱ्याची बाहेर ठेवतो. कोणीतरी ते उलटं केलं होतं. आत गेलेली शेपटी डबी न फोडता बाहेर काढणं माझ्या सुनेला, रुचिकाला, जमणार नाही. हेमेंद्रला ते मीच शिकवलं होतं.

दवनीवाड्याला त्याच्या घरी गेलो. चहा नको म्हटलं आणि सरळ विचारलं.

"मीच केलो," तो म्हणाला. "धुरपताबाईनं सांगतलन."

"काऊन?"

"इलाजानं केस गेले होते नं तिचे, भाऊजी. फोटोत डोक्यावरला पदर उडाला होता. म्हणे, तुह्या भाऊजीले फेक म्हटलं तर तो फेकत नाही. त्याच्याच हातानं मिटू दे."

"खोटं बोलून राहिला तू."

"मंग मी फोन कायले करत होतो? तुम्ही धुतला त कळन, असं भेव लागे मले."

तो खरं बोलत असेल. नसेलही. बायकोचं नाव पुढे केलं की मी गप्प बसतो, हे त्याला माहीत आहे.

घरी येऊन त्या पट्टीची पहिली फ्रेम खिडकीसमोर धरली. निगेटिव्हमध्ये उजळ ते काळं दिसतं, प्रिंटमध्ये पुन्हा उजळ. तिचं उघडं डोकं केसांनी भरल्यासारखं काळं होतं. रुचिका म्हणते, भिंतीवर लावायला मोठा प्रिंट काढा. मी अजून काढलेला नाही.